गुलाबाचा साबण की रोशाचा?



उसाच्या पत्रिकेत साबण कशाला, असे कुणी म्हणेल. पण आमच्या गावच्या बचत गटाने दिवाळीसाठी सुवासिक साबण करायचे ठरविले आहे. गटातल्या बहुतेक बाया सभासदांच्याच घरच्या. वेष्टनावर गुलाबाचे चित्र छापायचे की नाही, यावरून सध्या वाद पेटला आहे. छापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागल्या वर्षी माझ्या सुनेने अंगणातल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या साबणात घातल्या. दुसऱ्या दिवशी वड्या कापल्या तर पाकळ्या तंबाखूसारख्या काळ्या आणि वास नुसता तेलाचा. "मामाजी, गुलाब त जळून गेला," म्हणाली. कॉस्टिक सोड्यापुढे पाकळीचा निभाव लागत नाही. बरे, खरे गुलाबतेल घालावे, तर एक किलो तेलासाठी साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. स्वस्त वडीत ते कुणाला परवडणार? तेव्हा साबणाला येणारा गुलाबाचा वास बहुधा रसायनांचा असतो, नाहीतर रोशा गवताचा.

रोशा हे आपल्या डोंगर-माळाचे गवत. गुलाबात जे जिरॅनिऑल असते, तेच रोशाच्या तेलात भरपूर असते, म्हणून वास तसा. पूर्वी खानदेश, निमाड आणि वऱ्हाडच्या जंगलांत या तेलाच्या भट्ट्या लागत. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून पार तुर्कस्तानपर्यंत जाई आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई. गवत आपले, नाव गुलाबाचे, आणि नफा तिसऱ्याचाच! हे वाचले तेव्हा हसूही आले आणि रागही.

आता तीच लबाडी आपण आपल्या हाताने करायची का? गटातल्या एक ताई म्हणतात, रोशा कोण ओळखते, गुलाब लिहिले की खपते. खपेलही. पण उसाच्या काट्यावर थोडा फरक पडल्याचा नुसता संशय आला, तरी आपण गाड्या अडवून उभे राहतो. दुसऱ्याच्या काट्याला जो न्याय, तोच आपल्या वेष्टनाला. सरळ "रोशाचा साबण" असे छापावे.

करण्याची रीत अवघड नाही, पण सांभाळून करावी. आमच्याकडे एक किलो तेल घेतात : खोबरेल 500 ग्रॅम, सोयाबीन 400, एरंडेल 100. (सोयाबीन तर घरोघरी पिकते, तेल मात्र दुकानातून आणायचे, हे आपले दैव.) याला कॉस्टिक 150 ग्रॅम आणि पाणी सुमारे 300 ग्रॅम. कॉस्टिक पाण्यात टाकावे, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतू नये, उसळून डोळ्यांत जाते. भांडे स्टीलचे घ्यावे. जर्मनचे पातेले कॉस्टिक खाऊन टाकते. हातमोजे, चष्मा हवाच आणि लेकरे घराबाहेर. पाण्यात आधी चमचाभर साखर विरघळवली तर फेस चांगला येतो, निदान एवढ्यापुरता तरी हा लेख आपल्या पत्रिकेचा झाला! मिश्रण पिठल्यासारखे आळले की 20 ते 25 ग्रॅम रोशाचे तेल घालून साच्यात ओतावे. वड्या कापल्यावर चार आठवडे वाळवाव्यात. घाई करू नये, कच्चा साबण अंगाला झोंबतो.

घरच्यापुरते कराल तर एवढे पुरे. विकायचे असेल तर अंघोळीचा साबण सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात येतो व परवाना लागतो. गटाने वेष्टनाच्या वादात वेळ घालविण्याआधी तिकडे लक्ष द्यावे. शिवाय रोशाला उसाइतके पाणी लागत नाही, एकदा लावले की काही वर्षे कापणी मिळते. ज्यांच्याकडे मुरमाड तुकडा पडीक आहे त्यांनी विचार करायला हरकत नाही. मात्र तेल काढण्याची भट्टी कोण घालणार, हे आधी ठरवा. नाहीतर गवत गुरेच खातील.

लहानपणी दिवाळीच्या पहाटे उटणे लावून झाले की आई टाटा ऑइल मिल्सचा गोल मोती साबण कागदातून काढी. वर्षातून एकदाच. (ती कंपनी पुढे 1993 साली हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली.) तो कागद आम्ही पुस्तकात जपून ठेवीत असू. यंदा आमच्या माळ्यावर घरच्या रोशाच्या वड्या वाळत आहेत आणि जिना चढताच वास येतो. नातू दर संध्याकाळी वर जाऊन एक हुंगून येतो. अजून नऊ दिवस कुणी हात लावायचा नाही, असे सुनेने बजावले आहे.