घरे होती, मोजलेलीही होती

चार्ल्स स्टर्ट हा इंग्रज १८२८-२९ च्या मोहिमेत ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीच्या मुलखात पोचला, तेव्हा एका ठिकाणी त्याला सत्तर झोपड्या दिसल्या. एकेकीत बारा-पंधरा माणसे मावतील, वस्ती कायमची वाटते, आणि सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला आहेत, असे त्याने लिहून ठेवले. सत्तर घरांची दारे काही आपोआप एका दिशेला होत नाहीत. तरीही ‘भटके लोक, घर ना दार’ म्हणत तिथल्या आदिवासींची जमीन बेवारशी ठरवली गेली. ही समजूत तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने मोडीत काढली ती १९९२ साली, मरे बेटावरच्या एडी माबोंच्या खटल्यात. हे वाचताना आजही संताप येतो.

त्या खंडात घरे एका साच्याची नव्हतीच. उत्तर क्वीन्सलंडच्या पावसाळी जंगलात वेत वाकवून घुमट उभा करायचा आणि तो ताडाच्या पानांनी किंवा गवताने शाकारायचा. आर्नहेम लँडमध्ये पावसाळ्यात खांबांवर माच बांधायचा, वर झाडाच्या सालीचे छप्पर घालायचे आणि खाली धुमी पेटवून ठेवायची. धूर वर चढतो, डास पळतात, अंग ओल्या जमिनीपासून दूर राहते. व्हिक्टोरियातल्या बुज बिमला गुंडिचमारा लोकांनी ज्वालामुखीच्या काळ्या दगडाच्या बुटक्या भिंती रचल्या आणि त्यांवर फांद्यांचे छत घातले. शेजारीच त्यांनी वाम माशांसाठी दगडी चर काढले होते. त्यांतले सर्वांत जुने सुमारे ६,६०० वर्षांपूर्वीचे. दाराशी वर्षभर मासे असताना माणूस भटकेल कशाला? २०१९ साली ही जागा जागतिक वारशाच्या यादीत आली.

पुढे सरकारने घरे बांधून दिली, पण राहणाऱ्यांना न विचारता. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी लोकांच्या वस्तीत जोडप्यांची जागा वेगळी, एकट्या पुरुषांची वेगळी, आणि विधवा व एकट्या बायकांचा ‘जिलिमी’ वेगळा. सासू आणि जावई एकमेकांसमोर यायचे नाहीत. घरात मृत्यू झाला की ती जागा सोडायची. फांद्यांचा आडोसा सोडता येतो; सिमेंटचे घर सोडले की बिऱ्हाड नातलगांकडे जाते, आणि तिथे गर्दी होते.

मग घर मोडले की बोट राहणाऱ्यांकडेच. १९८५ साली आदिवासी नेते यामी लेस्टर यांनी पिट्जंट्जाट्जारा मुलखातली आजारपणे थांबवण्यासाठी तिघांना कामाला लावले. त्यांत पॉल फोलेरोस हे वास्तुकार होते. त्यांनी आधी घरांतले नळ, शॉवर, संडास, विजेची बटणे तपासली आणि तिथल्या तिथे दुरुस्त केली. मुलाला अंघोळ घालता आली तर त्वचेचे आणि डोळ्यांचे विकार कमी होतात, इतका साधा तो हिशेब होता. पुढे हेच काम देशभर हजारो घरांत झाले, आणि बिघाड का झाला याचीही नोंद ठेवली गेली: ७० टक्के वेळा नियमित देखभाल नाही म्हणून, २१ टक्के वेळा मुळात बांधकामच सदोष म्हणून. राहणाऱ्यांच्या हातून झालेली मोडतोड ९ टक्के.