पदकाचा धातू

युद्धातले पदक शौर्याला मिळते, असे आपण शाळेच्या पुस्तकांपासून वाचत आलो. माझ्या मते ते बहुधा हुद्द्याला मिळते. नाईलच्या लढाईचे पदकच पाहा.

१ ऑगस्ट १७९८ रोजी संध्याकाळी इजिप्तजवळ अबुकीरच्या उपसागरात नेल्सनने फ्रेंच आरमार गाठले. फ्रेंचांच्या १३ मोठ्या युद्धनौकांपैकी ११ पकडल्या गेल्या वा नष्ट झाल्या. १२० तोफांचे ‘लोरियाँ’ हे सेनापतीचे जहाज रात्री दारूगोळ्यासकट उडाले. नेपोलियन इजिप्तमध्ये अडकला. ईस्ट इंडिया कंपनीला तर इतके हायसे वाटले की तिने नेल्सनला १०,००० पौंड देऊ केले.

सरकारी सुवर्णपदक मात्र फक्त नेल्सन व त्याच्या कप्तानांना. तोफा ओढणाऱ्या खलाशांची आठवण झाली ती अलेक्झांडर डेव्हिसनला. हा नेल्सनचा मित्र आणि लढाईतल्या लुटीचा हिशेब पाहणारा त्याचा एजंट. त्याने पदरमोड करून बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत पदके पाडून घेतली. नक्षी क्युखलर या जर्मन कारागिराची. सोन्याची कप्तानांना, रुप्याची अधिकाऱ्यांना, मुलामा दिलेली त्यांच्याखालच्यांना आणि साधी ब्राँझची खलाशांना. उपकार खराच; पण कडेवर नाव आहे ते डेव्हिसनचे, लढणाऱ्याचे नाही. कित्येकांनी आपले नाव मागाहून स्वतःच कोरून घेतले. (हाच दाता पुढे लष्करी बराकींच्या व्यवहारातील लबाडीपायी तुरुंगात गेला, ती गोष्ट वेगळी.)

हे आपल्यापासून फार दूरचे नव्हे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले. कंपनीने त्यासाठी काढलेल्या पदकाचा आराखडाही क्युखलरचाच: वाघाला लोळवणारा सिंह. तिथली उतरंड तर आणखी लांब. सोने, मुलाम्याचे रुपे, रुपे, ब्राँझ, आणि साध्या शिपायाच्या वाट्याला कथील!

काही मित्र म्हणतील, काहीच नसण्यापेक्षा कथील बरे. १८०५ च्या ट्रफाल्गारनंतर बोल्टनने खलाशांना कथलाच्या मिश्रधातूचीच पदके दिली. पुष्कळांनी ती समुद्रात भिरकावली असे सांगतात. मला ते खलाशी पटतात.

सरकारला जाग आली १८४७ मध्ये. जुन्या नाविक लढायांसाठी, हुद्दा न पाहता, एकच रुप्याचे पदक ठरले. हयात असलेल्यांनी अर्ज करायचा. नाईलला तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती, म्हणजे उरले होते किती? तरी मेरी अ‍ॅन रायली व अ‍ॅन हॉपिंग या दोघींनी त्या लढाईसाठी अर्ज केले. जहाजांवर स्त्रिया असत. लढाईत त्या तोफांना दारू पोहोचवीत, जखमींची शुश्रूषा करीत. ट्रफाल्गारच्या जेन टाउनशेंडचा अर्ज तर आधी मान्यही झाला होता. मग विचार झाला की आरमारात अशा उपयोगी पडलेल्या स्त्रिया पुष्कळ होत्या, एकीला दिले तर अर्जांना अंत राहणार नाही. तिघींनाही नकार मिळाला. त्यांनी काम केले नाही, असे कोणी म्हटलेच नव्हते. अडचण एवढीच की त्या फार होत्या.