मैदानात हरवता येईना, तर मैदानच विकत घ्या!

‘क्रिकेट ०७’ खेळून मोठे झालेले इथे बरेच जण असतील. टीम आणि जर्सी ताज्या करायला पेनड्राइव्हवर पॅच आणायचा, आठवतंय? तेव्हा आपल्याला कुठे माहीत होतं की खेळाडूचं नाव, क्लबचा लोगो, जर्सी, सगळ्याला लायसन्स लागतं. ते लागावंच. नाव खेळाडूचं, तर पैसे त्याला मिळायलाच हवेत.

माझा आक्षेप एकाच शब्दाला आहे: एक्सक्लुझिव्ह. म्हणजे आपल्या भाषेत मक्ता. जत्रेत पार्किंगचा मक्ता एकालाच दिला की पावतीवर काय आकडा येतो, ते तुम्हाला सांगायला नको.

अमेरिकेत हेच झालं. तिथल्या फुटबॉलची लीग म्हणजे एनएफएल. तिच्यावर ईए कंपनीचा ‘मॅडन’ हा गेम साधारण ५० डॉलरला मिळायचा. २००४ मध्ये सेगा आणि टेक-टूने ‘ईएसपीएन एनएफएल २के५’ आणला, किंमत फक्त १९.९९ डॉलर! आणि गेम एक नंबर. आजही लोक नाव काढतात. मॅडनला झक मारत २९.९५ वर यावं लागलं. ग्राहकाची चांदी.

मग डिसेंबर २००४ मध्ये ईएने एनएफएलशी एक्सक्लुझिव्ह करार केला. पुढचा मॅडन पुन्हा ४९.९५ ला. समोरच्याला स्वस्तात हरवायचं की चांगला गेम करून हरवायचं, हा प्रश्नच मिटला. २के वाल्यांनी २००७ मध्ये निवृत्त खेळाडू घेऊन, काल्पनिक टीम करून एक गेम काढला. त्याचा पुढचा भाग कधी आलाच नाही.

ग्राहक कोर्टात गेले. २०१२ मध्ये ईएने २.७ कोटी डॉलरवर तडजोड केली, चूक मात्र मान्य केली नाही. एनएफएलचा मक्ता तसाच राहिला आणि २०२० मध्ये पुन्हा वाढवून मिळाला.

आणि हा धंदा एकट्या ईएचा नाही बरं का. २०१९ मध्ये कोनामीने युव्हेंटसचा मक्ता घेतला. मग ‘फिफा २०’ मध्ये रोनाल्डो कुठल्या टीमकडून खेळला? ‘पिएमोंते काल्चो’! क्लबची खरी जर्सी नाही, क्लबचं नाव नाही. पैसे पूर्ण, क्लब अर्धा.

आता कुणी म्हणेल, एनबीएचं काय? तिथे ईए आणि २के दोघांकडेही लायसन्स होतं, तरी शेवटी २केच उरला. बरोबर आहे. पण तो मैदानात जिंकून उरला. उद्या कुणी त्याच्यापेक्षा भारी बास्केटबॉल गेम आणू शकतो, दार उघडं आहे. एनएफएलच्या दाराला कुलूप आहे, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला दरवर्षी नवं काही करायची गरज काय?

म्हणून म्हणतो, लीगने लायसन्स जरूर विकावं, पण जो ठरलेले पैसे देईल त्या प्रत्येकाला विकावं. एकरकमी मोठा चेक लीगला गोड लागतो, त्याचं बिल मात्र आपण भरतो.

उद्या आपल्या क्रिकेट-कबड्डीच्या गेमचे असे करार झाले, तर नुसतं ‘वा, ऑफिशियल गेम आला’ म्हणून टाळ्या वाजवू नका. आधी एकच विचारा: दुसऱ्या कुणाला करता येणार आहे का?

तुम्हाला काय वाटतं?