मान किती वळते?

वासी उत्तरायण सरले की बडोद्यातील दवाखान्यांत मान धरलेले रुग्ण येऊ लागतात. दोन दिवस आकाशाकडे पाहत पतंग उडविल्याचा तो प्रसाद! आपण त्यांना मान वळवावयास सांगतो, नजरेने अंदाज घेतो आणि केसपेपरवर लिहितो, ‘मानेची हालचाल कमी’. कमी म्हणजे किती आणि कशापेक्षा, हे त्या कागदावर नसते.

ताप थर्मामीटरने मोजावा, रक्तदाबासाठी दंडाला पट्टा बांधावा आणि मानेच्या बाबतीत मात्र नजरेवर विसंबावे, हे मला पटत नाही. निरोगी तरुणाची मान एका बाजूस सुमारे ८० अंश वळते. त्यातील जवळजवळ निम्मे वळण वरच्या दोन मणक्यांमध्येच होते. वयोमानाने ते घटते. सत्तरीच्या गृहस्थांचे ५५ अंश आणि पंचविशीच्या तरुणाचे ५५ अंश यांचा अर्थ एक नव्हे.

हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका तरुण रुग्णाला मी दीड वर्ष ‘स्पॉन्डिलोसिस’ म्हणून गोळ्या देत होतो. प्रत्येक भेटीत शेरा तोच, ‘कमी’. अखेर एके दिवशी गोनिओमीटर लावला, तर वळण जेमतेम ३५ अंश. भिंतीला पाठ लावून उभे केले, तर डोके भिंतीला टेकेना. तो अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस होता. पहिल्याच भेटीत आकडा लिहिला असता, तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मी सावध झालो असतो.

अंशांवरून वेदना कळत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. मोजतानाही फसगत होते. मान वळेना की रुग्ण नकळत खांदा वळवितो. म्हणून पाठ खुर्चीला टेकलेली व खांदे स्थिर हवेत आणि दर वेळी साधन तेच हवे.

अपघाताच्या रुग्णाची मान मात्र आपण होऊन फिरवून पाहू नये. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनेडियन नियमानुसार, शुद्धीवर व स्थिर असलेल्या रुग्णात आधी धोक्याच्या खुणा पाहावयाच्या: वय ६५ वा अधिक, घातक स्वरूपाचा अपघात, हातापायांत मुंग्या. त्या नसतील आणि रुग्ण कमी जोखमीचा ठरत असेल, तरच त्याला स्वतः मान वळवावयास सांगावे. दोन्ही बाजूंस ४५ अंश वळली, तर एक्स-रेची गरज नाही. तेथेही अखेर निर्णय होतो तो आकड्यावरच.

माझ्या केसपेपरवर आता ‘उजवीकडे’ आणि ‘डावीकडे’ असे दोन चौकोन छापले आहेत. ते भरावयास एक मिनिटही लागत नाही.