परक्या भाषेतली पहिली बालवाडी



हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त मुंबईहून बेल्जियममधील अँटवर्प शहरी गेलेल्या कुटुंबांची पत्रे या सदराकडे अधूनमधून येत असतात. पूर्वी त्यांत भाजीपाल्याची, देरासराची किंवा तिथल्या थंडीत तान्हे बाळ कसे सांभाळावे याची विचारणा असे. अलीकडे बालवाडीचा प्रश्न वारंवार येतो. मूल अडीच वर्षांचे होत आले आहे. घराजवळच डच माध्यमाची शाळा आहे आणि तिला शुल्क नाही. शहरात इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळाही आहे, पण तिचे वार्षिक शुल्क हजारो युरोंच्या घरात जाते. यांतली कोणती निवडावी? पत्र बहुधा आईचे असते, आणि अखेरीस ती संकोचाने लिहिते की सासरेबुवांचा कौल इंग्रजीच्या बाजूने आहे.

तिथली व्यवस्था प्रथम समजून घेऊ. अँटवर्प ज्या फ्लँडर्स प्रांतात आहे, तिथे बालशाळेला ‘क्ल्योटरस्कोल’ म्हणतात. मूल अडीच वर्षांचे झाले की तिचे दार उघडते, मात्र वाटेल त्या दिवशी नव्हे. तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत वर्षातील सात ठरलेल्या दिवसांपैकीच एका दिवशी मूल शाळेत दाखल होऊ शकते. हे दिवस मुख्यत्वे सुट्ट्यांनंतरचे पहिले शाळेचे दिवस असतात. नावनोंदणी मात्र त्याच्या कितीतरी आधी करावी लागते. अँटवर्पमध्ये पालकांनी पसंतिक्रमाने शाळांची यादी ऑनलाइन भरायची असते. ‘मूल अजून पाळण्यात आहे, बघू पुढे’ असे म्हणणाऱ्यांना मग दूरच्या शाळेची ट्राम धरावी लागते. शाळा विनाशुल्क आहे. सहली आणि उपक्रम यांसाठी पालकांकडून किती घ्यावे यावरही सरकारची मर्यादा आहे, आणि बालशाळेसाठी ती वर्षाला शंभर युरोंच्या आतच राहते. जेवणाच्या वेळची देखरेख आणि शाळा सुटल्यानंतरचा सांभाळ यांचे पैसे वेगळे पडतात.

इतका तपशील हाती आला की निवड सोपी वाटू लागते. ती सोपी नाही, कारण खरा प्रश्न शाळेचा नाहीच. कुटुंब तिथे किती वर्षे राहणार, हा तो प्रश्न आहे, आणि आपल्या व्यापारी घरांत तो सहसा कोणी मोठ्याने विचारत नाही. मुंबईच्या पेढीवरून धाकट्या मुलाला ‘दोन वर्षे तिकडचे काम बघ’ म्हणून पाठवले जाते. दोनाची पाच होतात, पाचाची पंधरा. पेढीचे निर्णय बाजाराच्या चढउतारांवर होतात. मुलाची भाषा मात्र त्या चढउतारांची वाट पाहत थांबत नाही. म्हणून सुनेने हा विषय काढला तर तो बायकांचा किरकोळ विषय समजू नये. अडीच वर्षांच्या मुलासाठी शाळा निवडताना पेढीचा पुढचा विचारही उघड्यावर येतो, आणि तो यावाच.

माझे मत स्पष्ट सांगतो. दीड-दोन वर्षांत परतणे किंवा दुबई, हाँगकाँगसारख्या ठिकाणी जाणे निश्चित असेल, तर इंग्रजी शाळेचा खर्च समजण्यासारखा आहे. मुक्काम त्याहून लांबणार असेल, किंवा लांबणार नाही असे छातीठोकपणे सांगता येत नसेल, तर घराजवळची डच शाळा घ्यावी. सहा वर्षांनी प्राथमिक शाळेत जाताना ज्या मुलाला वर्गाची भाषा येते, त्याची पुढची वाट सुकर होते. २०२१ पासून तिथे पाच वर्षांच्या मुलांची ‘कोआला’ नावाची भाषाचाचणी घेतात, आणि डच कच्ची असेल त्यांना शाळेतच जादा भाषाशिक्षण मिळते. अडीच वर्षांपासून शाळेत जाणाऱ्या मुलाला या चाचणीची भीती वाटण्याचे फारसे कारण नाही. पाच वर्षांपर्यंत इंग्रजी वर्गात बसून नंतर खर्चाच्या भाराने डच शाळेत आलेल्या मुलाची अवस्था कठीण होते. शिवाय शेजारच्या मुलांशी मैत्री होते ती डचमध्येच, आणि आईचीही ओळखदेख शाळेच्या फाटकापाशीच होते.

‘मग इंग्रजीचे काय?’ असे आजोबा विचारतात. इंग्रजी मागून येते. फ्लँडर्समधील तरुण उत्तम इंग्रजी बोलतात आणि ते सारे डच शाळांतूनच आलेले असतात. आजीचा प्रश्न अधिक खोल असतो: नातवंड आमच्याशी मराठीत बोलेल का? तिला सांगावेसे वाटते की शाळा इंग्रजी घेतली तरी ही भीती टळत नाही. उलट इंग्रजी घरातही सहज शिरते आणि मराठीची जागा घेऊन बसते. डच घरात शिरत नाही, कारण आई-वडिलांनाच ती येत नसते. घरात आपली भाषा आणि उंबऱ्याबाहेर डच अशी वाटणी आपोआप होते. अँटवर्पच्या हिरेबाजारात आपले व्यापारीसुद्धा सौदा पक्का झाला की ज्यू व्यापाऱ्यांचा ‘मझल’ हा शब्द उच्चारतात. त्या एका शब्दावर लाखोंचे व्यवहार होतात आणि त्यामुळे कोणाची मातृभाषा बुडालेली नाही. मात्र घरात मराठी बोलायची तर पूर्ण वाक्यांत, गोष्टींसह आणि रोज बोलावी लागते. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर ‘आजीला नमस्कार कर’ म्हटल्याने भाषा टिकत नाही.

शाळेत घातल्यावर पुष्कळ मुले काही आठवडे, कधी काही महिने, वर्गात एक शब्दही बोलत नाहीत. नवी भाषा ऐकून साठवण्याचा तो काळ असतो. घरी मूल पूर्वीसारखे बोलत, खेळत, जेवत असेल तर त्या मौनाला घाबरून शाळा बदलू नये.

दुसरा धक्का वडीलधाऱ्यांना बसतो तो अक्षरांचा. पुण्या-मुंबईतले चुलत भावंड चौथ्या वर्षी पानेच्या पाने गिरवते, आणि इकडच्याला पाचव्या वर्षी स्वतःचे नाव जेमतेम लिहिता येते! क्ल्योटरस्कोलमध्ये लेखन-वाचन शिकवतच नाहीत. ते पहिलीपासून सुरू होते. इथे ठोकळ्यांचा कोपरा, बाहुल्यांचा कोपरा, माती, रंग, गाणी आणि पावसातही अंगणात खेळणे. हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले ते याच धर्तीवर. ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी होत्या, आणि पुढे १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम उभे केले. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते सहा वर्षांसाठी खेळातून शिक्षण आणि सहाव्या वर्षी पहिली हेच धरले आहे. म्हणजे परत यावे लागले तरी वयाचा हिशेब जुळतो.

आता आहार. यात मात्र आईने स्वतः लक्ष घालायला हवे. सोयीची गोष्ट अशी की तिथे बहुतेक मुले डबा घरूनच आणतात. पाव आणि आत काहीतरी, असा त्यांचा रिवाज. आपला पराठा, ठेपला किंवा चीज-सँडविच त्यात सहज मिसळून जाते. धोका डब्यात नसतो, वाढदिवसांत असतो. मुले वर्गात गोळ्या वाटतात आणि मऊ, रबरासारख्या गोळ्यांत बहुधा जनावरांपासून काढलेले जिलेटिन असते. वर्गात पॅनकेक करतात, त्यांत अंडे. बेल्जियमचे तळलेले बटाटे जगप्रसिद्ध. कंदमुळाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ते परंपरेने गाईच्या चरबीत तळतात, हे पुष्कळ शाकाहारी कुटुंबांना ठाऊक नसते. ६ डिसेंबरला संत निकोलासचा सण येतो. त्या दिवशी मुलांना चॉकलेट, संत्री, बदामाची मिठाई आणि मसाल्याची बिस्किटे मिळतात. यांतले पुष्कळसे चालण्यासारखे असते, पण वेष्टन वाचूनच द्यावे.

यावर उपाय म्हणून काही घरे शाळेला ‘मुलाला ॲलर्जी आहे’ असे सांगतात. तसे सांगू नये. शाळा वैद्यकीय कागद मागते, शिक्षिका विनाकारण धास्तावते, आणि मुलाच्या कानावर पहिला खोटा शब्द आपल्याच तोंडून पडतो. मांस, मासे, अंडे, जिलेटिन नको, अशी चार ओळींची चिठ्ठी डचमध्ये लिहून प्रवेशाच्या दिवशी द्यावी, आणि वर्गात ठेवण्यासाठी आपल्याकडचा सुक्या खाऊचा एक डबा द्यावा, म्हणजे इतरांना गोळी मिळताना आपले मूल रिकाम्या हाताने बसत नाही. शिक्षिका अशा चिठ्ठीचा मान राखतात. मुसलमान आणि ज्यू कुटुंबांमुळे अँटवर्पच्या शाळांना आहाराचे नियम नवे नाहीत. हिवाळ्यात सूर्य साडेचार-पावणेपाचलाच मावळतो आणि शाळा सुटते साडेतीनच्या सुमारास. ज्या घरी चौविहार पाळतात त्यांनी लहानग्याला त्या नियमात बांधण्याची घाई करू नये. तरी शाळेतून येताच गरम जेवण तयार ठेवले तर ते घरातल्या मोठ्यांच्याही वेळेत बसते.

लग्नकार्यांचा विचारही आधीच करावा. सप्टेंबर २०२० पासून बेल्जियममध्ये पाचव्या वर्षापासून शिक्षण सक्तीचे आहे, आणि फ्लँडर्समध्ये त्या वर्षी किमान २९० अर्ध्या दिवसांची हजेरी अपेक्षित असते. म्हणजे लग्नसराईत दीड महिना देशात येऊन राहणे तेव्हा जमणार नाही. नाताळच्या दोन आठवड्यांत बसेल तेवढेच. बहीण-भावाचे लग्न ठरवताना मुहूर्ताइतकेच त्या सुट्टीकडेही पाहावे लागेल, हे इकडच्या मंडळींना एक वर्ष आधी सांगून ठेवलेले बरे. मूल अडीच-तीन वर्षांचे असताना नियम सैल असतात. आजोळी दीर्घ मुक्काम करायचा तो त्याच काळात करून घ्यावा.

शाळा पाहायला जाल तेव्हा इमारतीपेक्षा मधल्या सुट्टीतले अंगण पाहा. रडणाऱ्या मुलाजवळ कोण जाते आणि किती वेळाने जाते, हे फाटकातूनही दिसते. बाळाचे डायपर सुटले नसेल तर तसे स्पष्ट सांगून वर्गात काय सोय आहे ते विचारा. मुख्याध्यापिकेशी बोलताना अडखळत का होईना, दोन वाक्ये डचमध्ये बोला. त्यासाठी विलरैकच्या जैन मंदिरात भेटणाऱ्या जुन्या रहिवासी भगिनींची मदत घ्यावी. त्यांची मुले याच शाळांतून शिकली आहेत, आणि कोणत्या वर्गात कोणती शिक्षिका प्रेमळ आहे हे त्यांना सरकारी संकेतस्थळापेक्षा चांगले ठाऊक असते.

आणखी एक सोय तिथल्या वेळापत्रकातच आहे. बुधवारी शाळा दुपारी बारालाच सुटते. पुष्कळ पालकांना ही अडचण वाटते आणि ते त्या वेळेसाठी पोहण्याचा किंवा नाचाचा वर्ग शोधू लागतात. आपण ती दुपार मोकळी ठेवावी. भारतात तेव्हा तिसरा प्रहर सरत आलेला असतो, आजी चहा घेऊन मोकळी झालेली असते, आणि गोष्ट सांगायला तिच्याजवळ भरपूर वेळ असतो.