विंच बंपरला नियम द्या: फॅब्रिकेशन व्यावसायिक व ऑफ-रोड वाहनधारकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: फोर-बाय-फोर गाड्यांच्या पुढच्या संरक्षक बंपरसाठी तपासणी व मान्यतेची पद्धत ठरवण्याबाबत.

महोदय,

बुलबारवरची बंदी उठवा, असे म्हणायला आम्ही आलेलो नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून अनधिकृत क्रॅश गार्ड आणि बुलबारवर कारवाई करायला सांगितले. आमच्या कामावर त्याचा परिणाम झाला, तरी पत्रामागचे कारण खरे होते. शहरात फिरणाऱ्या गाडीच्या नाकावर बुलबारचा चकचकीत पाइप लावला की समोर आलेल्या माणसाच्या मांडीला, आणि लहान मूल असेल तर थेट डोक्याला, तोच पाइप लागतो. आत बसलेल्यांचाही त्यात फायदा नाही. टकरीत गाडीचा पुढचा भाग चुरगळून धक्का पोटात घेतो आणि तो धक्का मोजूनच एअरबॅग फुगायची की नाही ते ठरते. मध्ये चेसिसला कसलेला कडक पाइप आला की सगळे गणित बिघडते. असले पाइप आम्हालाही नकोत.

आमचे म्हणणे विंच बंपरबद्दल, म्हणजे फसलेली गाडी ओढून काढणारे विंच यंत्र ज्यावर बसते त्या बंपरबद्दल आहे. थार, गुरखा, जिम्नी किंवा जुनी जिप्सी घेऊन जो माणूस सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर जातो, किंवा गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरतो, त्याला बंपरकडून तीन गोष्टी हव्या असतात. विंचला भक्कम बैठक हवी, शॅकल (ओढायची कडी) अडकवायला दोन खात्रीचे पॉइंट हवेत आणि चढाला भिडताना बंपरआधी चाक टेकले पाहिजे. बहुतेक नव्या गाड्यांत कंपनीच्या बंपरचा दर्शनी भाग प्लास्टिकचा असतो. त्याच्यावर विंच बसत नाही.

साडेनऊ हजार पौंडांची विंच म्हणजे सुमारे ४,३०० किलोची ओढ. चिखलात गाडी बसली की ती सगळी ओढ चार-सहा बोल्ट आणि वेल्डिंगच्या काही इंचांवर येते. तिथे काही सुटले तर ताणलेला वायर रोप आणि त्याच्या टोकाचा हुक कुणाच्या अंगावर जाईल, याचा नेम नसतो. म्हणून हे काम आधी पुठ्ठ्यावर होते. चेसिसच्या दोन्ही टोकांची मापे घेऊन साचा कापायचा, मग प्लेट कापून, वाकवून गाडीवरच टॅक मारायचे, बॅटरीची वायर काढून ठेवूनच. रेडिएटरला वारा मिळतो का, हेडलाइट झाकला जातो का, नंबर प्लेट दिसते का, हे त्याच वेळी बघायचे. नंतर बंपर खाली उतरवून, प्लेट वाकडी होऊ नये म्हणून आलटून पालटून थोडे थोडे वेल्डिंग करायचे. शॅकलचा कान वरून चिकटवायचा नाही. प्लेटमधून आरपार घेऊन दोन्ही बाजूंनी वेल्ड करायचा. चेसिसला वेल्डिंग नाही, फक्त हाय टेन्साइल बोल्ट. यातले निम्मे सोडूनही दिसायला तसाच बंपर बनतो, आणि गिऱ्हाइकाला गुळगुळीत दिसावे म्हणून वेल्ड ग्राइंडरने सपाट घासून कमजोर करणारेही आहेत. आज या दोन बंपरांत फरक करणारा कोणताही कागद सरकारकडे नाही.

वजनाचाही हिशेब आहे. ५ मिलिमीटर जाड प्लेटचा एक चौरस मीटर म्हणजे ३९ किलो. त्यावर विंच. पुढचे स्प्रिंग बसले की हेडलाइटचा झोत, ब्रेक, स्टिअरिंग सगळ्यावर परिणाम होतो. बंपर जितका जड तितका चांगला, हा समज आमच्याच गल्ल्यांतून गेला पाहिजे.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. (बंपर, विंच आणि दिवे हे बदल एक की तीन, यावर रस्त्यात वाद होतात.) पण याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक परंतुकही घातले. गाडीतील बदलांसाठी विनिर्देश आणि मान्यतेच्या अटी केंद्र सरकार ठरवू शकते, आणि तशा बदलामुळे कंपनीची वॉरंटी रद्द धरता येत नाही. सीएनजी किटला असा मान्यतेचा मार्ग आहे, मान्य किट बसवले की आरसीवर नोंद होते. बंपरला नाही. आमचे सगळे भांडण एवढ्याच जागेवर आहे.

म्हणून पहिली आणि मुख्य मागणी: या परंतुकाखाली विंच बंपरचे विनिर्देश ठरवावेत, असा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे पाठवावा. त्यात बंपरची रुंदी, कडांची गोलाई, वजनाची मर्यादा, बोल्टचा दर्जा आणि शॅकल पॉइंटची ओढ-चाचणी असावी. ऑस्ट्रेलियात बुलबारसाठी २००२ पासून स्वतंत्र मानक आहे. युरोपनेही २००५ मध्ये अशा गार्डसाठी पादचाऱ्यांच्या सुरक्षेच्या चाचण्या घातल्या. आपल्याला चाचणीसाठी लांब जायला नको, वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे आणि सीआयआरटी भोसरीला. प्रत्येक बंपरमागे एक गाडी आपटून बघा, असे मात्र म्हणू नये, तेवढ्याने हा व्यवसायच संपेल. गाडीच्या मॉडेलनुसार एक ड्रॉइंग मान्य करावे आणि कारागिराने त्याबाहेर जाऊ नये. एअरबॅगच्या गाड्यांसाठी चुरगळणारा भाग शाबूत ठेवणारे ड्रॉइंग मान्य होईपर्यंत त्या गाड्यांना हात लावणार नाही, हे आम्ही इथेच लिहून देतो.

दुसरी: मान्य बंपरची आरसीवर नोंद व्हावी. ती नसल्याने अपघातानंतर विम्याचा दावा अडतो.

तिसरी तातडीची आहे. एक अधिकारी दंड करतो, दुसरा बघून सोडतो, तिसरा जागेवरच गॅस कटर मागवतो. चेसिसजवळ गॅस कटर चालवणे धोक्याचे आहे. बंपर बोल्टवर असतो, पान्याने निघतो. नियम होईपर्यंत मालकाला तो काढून गाडी दाखवण्यासाठी मुदत द्यावी, असे एकच परिपत्रक सर्व आरटीओंना जावे. स्पर्धेला ट्रेलरवर लादून नेलेल्या गाडीला या कारवाईतून वगळावे.

आणि आयटीआयच्या वेल्डर ट्रेडमध्ये वाहनाच्या सांगाड्यावरच्या कामाचा छोटा अभ्यासक्रम सुरू करावा. ही मागणी लहान आहे, पण बाकी सगळे नियम प्रत्यक्षात उतरवणारे हात या आयटीआयच्या पोरांचेच असतील.

आमच्याकडून: प्रत्येक बंपरवर कारखान्याचा शिक्का आणि क्रमांक कोरला जाईल. शहरी गाडीवर शोभेचा पाइप बसवणाऱ्याचे सभासदत्व रद्द होईल.

पावसाळ्याआधी बैठकीची वेळ द्यावी. ड्रॉइंग आणि तयार बंपर आम्ही सोबत आणू. आपल्या तांत्रिक अधिकाऱ्यांनी तो ओढून, ठोकून, हवे तर कापून बघावा. मोडला तर तुकडे आमच्या खर्चाने परत नेऊ.

आपले विश्वासू,
फॅब्रिकेशन व्यावसायिक व ऑफ-रोड वाहनधारकांच्या संघटनेचे पदाधिकारी व सभासद