गोदीची जमीन आणि आपला हिस्सा

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील गाव सोडून मुंबईस आले ते गोदी, गिरणी आणि रेल्वे यांच्या आधाराने. त्या गोदीच्या जमिनीचे भवितव्य आज नकाशावर ठरत आहे. आणि आपल्या घरांत त्याची चर्चा नाही, याचे मला नवल वाटते.

१८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या ताब्यात पूर्व किनाऱ्याची विस्तीर्ण जमीन आली. १९८९ साली न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाल्यावर इकडील मालाची चढउतार घटत गेली व वखारी ओस पडल्या. २०१८ साली राज्य शासनाने ट्रस्टलाच या जमिनीचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले, आणि सुमारे ९६६ हेक्टरांचा प्रारूप आराखडा निघाला. म्हणजे जमिनीचा मालक तोच आणि नियोजकही तोच! मालकास उत्पन्न हवे असते. नियोजकाने लोकहित पाहावयाचे असते. या दोहोंचा मेळ आपोआप बसेल असे मानणारा मनुष्य फारच भोळा म्हणावा लागेल.

गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले, ते आठवा. १९९१ च्या नियमाने ढोबळ मानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी महापालिकेस, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडास आणि उरलेली मालकास मिळावयाची होती. २००१ साली त्या नियमात फेरफार झाला. जुन्या इमारतींखालील जमीन वाटणीतून वगळावी, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. उच्च न्यायालयाने २००५ साली तो अर्थ नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो ग्राह्य धरला. सार्वजनिक हिस्सा आक्रसला. कोठे मोर्चा नाही, गोळीबार नाही. केवळ एका नियमाची शब्दरचना बदलली.

गोदीच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्यांची अडचण याहून बिकट आहे. जमीन केंद्राच्या अखत्यारीतील असल्यामुळे राज्याच्या झोपडपट्टी पुनर्वसनाचा लाभ केंद्राच्या संमतीवाचून त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. निष्कासनासाठी मात्र १९७१ चा सार्वजनिक जागांचा केंद्रीय कायदा हाताशी आहेच. सभेतील आश्वासनांना न्यायालयात किंमत नसते. त्याच परिसरात पुनर्वसन, शाळा, दवाखाना यांची आरक्षणे आराखड्यात क्षेत्रफळासह नोंदलेली असली पाहिजेत.

१९६६ च्या नगररचना कायद्याने आराखड्यावर हरकती व सूचना मागविणे बंधनकारक केले आहे. मंजुरीनंतर वाद घालण्यास फारच थोडी जागा उरते. म्हणून आराखड्यात फेरफाराची सूचना निघेल तेव्हा ती मुदतीत वाचा, आपल्या वस्तीचा तुकडा नकाशात शोधा, आणि प्रत्येक कुटुंबाची हरकत लेखी द्या. ती मराठीत लिहा. पोच मात्र शिक्क्यासह मागून घ्या.